आवक नंबर काय?

मे महिन्यात आम्ही जुळे सोलापुरातल्या आमच्या कॉलनीच्या खुल्या जागेत पंचवीस खड्डे खणले. दोन बाय दोन बाय दोन फुटांचे, उन्हात चांगले तापावेत म्हणून. रोपं मात्र लागली ऑगस्टच्या शेवटी. मधले तीन महिने कुठे गेले ते सांगतो.

आमचा गट म्हणजे दर रविवारी सकाळी साडेसहाला जमणारी दहा-बारा माणसं. दोन निवृत्त मास्तर, एक रिक्षावाले, कॉलेजची चार पोरं आणि माझ्यासारखे बाकीचे. पावतीपुस्तक नाही, अध्यक्ष नाही. कडुनिंब, करंज, बहावा यांची रोपं, शेणखत, निंबोळी पेंड हे सगळं आठवड्याभरात फोनवर ठरलं. अडलं ते परवानगीच्या पत्रावर.

कार्यालयाचं नाव लिहीत नाही. अर्ज घेऊन गेलो तेव्हा आवक-जावकच्या खिडकीपुढे रांग होती. आपली थोडी ओळख आहे, रांगेत कशाला उभं राहायचं, म्हणून थेट साहेबांच्या टेबलावर अर्ज ठेवला. साहेबांनी वाचला, "चांगलं काम आहे, करा सुरू, पत्र पाठवतो," म्हणाले, चहाही पाजला. घरी येऊन मी फुशारकी मारली. त्याच रविवारी कुदळी काढल्या.

जूनमध्ये साहेबांची बदली झाली आणि त्याच आठवड्यात शेजारच्या बंगल्यातल्या गृहस्थांनी विचारलं, "परवानगी दाखवा."

परत गेलो. टेबलावरच्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "आवक नंबर काय?" नंबर नव्हता. "मग अर्ज आलाच नाही." साहेबांनी वाचला, चहा पाजला, हे सांगून पाहिलं. चहाची नोंद रजिस्टरला नसते. दुसऱ्या खेपेला नवे साहेब साइटवर. तिसऱ्या खेपेला लेआउटचा नकाशा हवा, चौथ्या खेपेला नकाशा आहे पण संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र कुठाय? अर्जात मी हौसेनं गटाला एक भारदस्त नाव देऊन ठेवलं होतं, ते असं अंगाशी आलं. 1860 च्या कायद्यानं संस्था नोंदवायला किमान सात सभासद लागतात, तेवढे होतेही. पण पंचवीस झाडांसाठी घटना लिहायची, धर्मादाय कार्यालयाच्या खेपा घालायच्या, हे कुणाला झेपणार?

इकडे खड्ड्यांत पावसाचं पाणी साचलं. एका खड्ड्यात शेळी पडली, मालकीण भांडायला आली. तिचं चुकलं नव्हतं.

शेवटी मार्ग दाखवला तो तिथल्या शिपाईमामांनी. "काका, संस्थेचं नाव कशाला लिहिलात? रहिवासी म्हणून द्या की अर्ज. सह्या घ्या, अन् खिडकीतच द्या बघा." तसंच केलं. रांगेत वीस मिनिटं लागली. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घेतला. पत्र अकराव्या दिवशी हातात. वीस मिनिटं वाचवायला मी तीन महिने घालवले, हे बायकोनं आतापर्यंत चार वेळा ऐकवलंय.

तेव्हा तुम्ही जाणार असाल तर पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, ओळख असली तरी. आणि तोंडी होकारावर कुदळ उचलू नका. माहिती अधिकाराचा अर्जही मी 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून तयार ठेवला होता. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तो वापरायची वेळ आली नाही, कपाटात पडून आहे.

हो, पाण्याचं राहिलंच. आपल्याकडे नळाला पाणी रोज कुठे येतं! म्हणून प्रत्येक रोपाशेजारी बुडाला भोक पाडून, त्यात चिंधीची वात घालून जुनं मडकं पुरलं. तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी घरोघरी बादलीत जमा होतं, रविवारी मडकी भरतात. कुंपणाला बाभळीच्या काटेरी फांद्या लावा, पहिल्याच दिवशी. आम्ही तीन रोपांना "पुढच्या रविवारी लावू" म्हणालो, ती तीनही शेळ्यांनी खाल्ली.

एवढ्या उशिरानं रोपं जगतील की नाही ही धास्ती होती. पण सोलापूरचा खरा पाऊस सप्टेंबरचा. उरलेली बावीसच्या बावीस धरली. याचं श्रेय त्या कार्यालयाला द्यायची माझी तयारी नाही.

पत्राची झेरॉक्स आता स्कूटरच्या डिकीत असते. बंगल्यातल्या गृहस्थांनी अजून मागितलेली नाही.