खाडा, उचल आणि केओटी

गेल्या वर्षी आमच्या पाच जणांच्या कंपनीला कोल्हापुरातल्या एका मटण खानावळीचं काम मिळालं. ऑर्डर, केओटी (म्हणजे किचनला जाणारी ऑर्डरची चिठ्ठी), बिल, हजेरी, सगळं एका ॲपात हवं होतं. डिझाइन माझ्याकडे. माहेर कोल्हापूरचं असल्यामुळे खानावळ मला कळते, असा माझा समज होता. कळत होती ती ताटाच्या अलीकडून, एवढंच.

पुण्यात बसून मी स्क्रीन काढल्या आणि मराठी आवृत्ती स्वतः लिहिली. 'जतन करा', 'प्रलंबित', 'प्रेषित करा'. जरा अभिमानच होता मला त्याचा. पहिल्या रविवारी दुपारी एक वाजता कॅप्टनच्या, म्हणजे टेबलावर ऑर्डर घेणाऱ्याच्या हातात फोन दिला. पंचावन्नच्या आसपासचे गृहस्थ, सगळे त्यांना मामा म्हणतात.

"ताई, हे प्रेषित म्हंजे काय?"

"पाठवायचं, मामा."

"मग तसं लिवा की. एवढं वाचत बसलो तर गिऱ्हाईक उठून जाईल."

बरं, 'पाठव' लिहायचं की 'पाठवा'? मामांना बटणानं अरे-तुरे करणं मला पटेना आणि त्याच फोनवर सतरा-अठराची पोरं काम करणार. शेवटी क्रियापदच काढून टाकलं. बटणावर आता फक्त 'किचनला' असं आहे. तिथं दिवसभर तेच ओरडतात: "फॅमिली रूमचं किचनला गेलं का?"

टेबलांचंही तसंच. मी एक ते अठरा नंबर दिले होते. भिंतीवर नंबर आहेतही, पण तोंडात 'पंख्याखालचं', 'खिडकीचं', 'मोरीजवळचं' असतं. त्यामुळे नंबराखाली नाव लिहायची सोय केली, आणि माणसं टेबल बदलतात तेव्हा ऑर्डर बोटानं ओढून दुसऱ्या टेबलावर नेता येईल असं केलं. पंख्याखालचं रिकामं झालं की मोरीजवळचे लोक उठून तिकडे जातातच.

माझी सगळ्यात मोठी चूक भटारखान्यात झाली. केओटीच्या चिठ्ठ्या बंद करून तिथं एक मोठा स्क्रीन लावायचा हट्ट मीच धरला होता. पदार्थ झाला की वस्तादांनी 'तयार' दाबायचं, मग मामांच्या फोनवर हिरवी खूण येणार. आठवडाभरात 'तयार' एकदाही दाबलं गेलं नाही. एका हातात पळी, दुसऱ्या हाताला तेल, आणि तेलकट-ओल्या बोटाला टचस्क्रीन नीट दाद देत नाही. वर काचेवर वाफ. शिवाय वस्तादांची पद्धत आधीपासून होतीच आणि ती मला दिसली नव्हती. चिठ्ठी आली की कट्ट्यावर ओळीनं लागते, ताट गेलं की खिळ्याला टोचली जाते. कट्ट्यावर आहे ते बाकी, खिळ्यावर आहे ते झालं. लांबून बघूनही कळतं.

स्क्रीन काढला, प्रिंटर परत आणला. तो देवनागरी छापेना. त्याच्या पोटात देवनागरी फाँटच नव्हता, त्यामुळे 'सुक्कं'च्या जागी चौकोन यायचे. आमच्या डेव्हलपरनं अख्खी चिठ्ठी चित्र म्हणून छापायची युक्ती केली. किंचित हळू निघते, पण जोडाक्षरं शाबूत. प्रिंटर चुलीपासून लांब, ताटं द्यायच्या खिडकीशी ठेवला. थर्मल कागदावर अक्षरं उष्णतेनंच उमटतात. चुलीजवळ राहिला तर अख्खी चिठ्ठी काळी.

तांबड्या-पांढऱ्याचंही एक बटण होतं, 'रस्सा +१'. वाढपी बादली घेऊन पंगतीत फिरतो, त्यानं कधी मोजायचं? रस्सा किती गेला हे पातेल्यात बघून वस्ताद सांगतात. ते बटण गेलं.

बिलात अब्रू थोडक्यात वाचली. थाळीवर ५ टक्के जीएसटी लावायचा, एवढं मला ठाऊक होतं. पण डिलिव्हरी ॲपवरून आलेल्या पार्सलचा जीएसटी १ जानेवारी २०२२ पासून ते ॲपच भरतं. आम्ही तो खानावळीच्याही देण्यात धरला होता. चाचणीची बिलं बघून मालकांच्या सीएंचा फोन आला. आता पार्सल दोन प्रकारचं आहे, 'ॲपचं' आणि 'आपलं'.

केओटी रद्द करायला मालकांनी पिन मागितला होता. रद्दच्या नावाखाली पैसे खिशात जातात, ही सगळ्याच मालकांची धास्ती. पण मालक दुपारी चारला घरी झोपायला जाणार आणि नेमकं तेव्हा कुणीतरी भाकरीऐवजी चपाती मागणार. चौथ्या दिवशी पिन गल्ल्यामागच्या गणपतीच्या फोटोखाली लिहिलेला सापडला. आता पिन नाही. रद्द कुणी केलं त्याचं नाव आणि वेळ रात्री मालकांना दिसते.

आखाडातल्या शेवटच्या रविवारी खरी परीक्षा झाली. बाहेर रांग, आणि वीज गेली. इन्व्हर्टर होता, पण राउटर त्याच्यावर जोडलेलाच नव्हता. नेट नसताना ऑर्डर फोनमध्ये साठून राहायची सोय आम्ही केली होती, पण चिठ्ठी निघणार कुठून? प्रिंटरही वायफायवरच. मामांनी खिशातलं पॅड काढलं आणि तासभर कार्बन पेपरवर खानावळ चालली. दुसऱ्या दिवशी मी इलेक्ट्रिशियनला फोन केला. डिझाइनचंच काम होतं ते.

हजेरीचा भाग मी शेवटी, अर्ध्या मनानं केला होता. 'रजा व्यवस्थापन', 'आगाऊ वेतन' वगैरे. मालकीणबाईंनी कपाटातून त्यांची डायरी काढून समोर ठेवली. प्रत्येकाच्या नावाखाली दोनच रकाने: खाडा आणि उचल. मी माझी स्क्रीन पुसून तेच दोन शब्द मोठ्या अक्षरांत लिहिले, आणि ज्याचा हिशेब त्याला त्याच्या फोनवर दिसेल असं केलं. हे कुणी मागितलं नव्हतं. मालक तर थोडे नाराजच होते. आज ऑर्डरच्या खालोखाल तीच स्क्रीन सगळ्यात जास्त उघडते. आकडे इंग्रजी ठेवलेत, कारण ओडिशाहून आलेल्या पोराला मराठी आकडे वाचता येत नाहीत.

पहिल्याच महिन्यात तो रात्री मोरीवर हात धुऊन आला आणि फोन दाखवत म्हणाला, उचल साडेतीन हजार दिसतेय, मी तीनच घेतलेत. मालकीणबाईंनी न बोलता डायरी उघडली. पाचशेच्या पुढे त्यांच्या अक्षरात 'चप्पल' असं होतं. पोरगा खाली बघून हसला, पायात तीच होती.

मग त्या मला म्हणाल्या, "कशापायी घेतले ते लिहायला तुमच्या ह्यात जागा न्हाई व्हय?"

नव्हती. दुसऱ्या दिवशी केली, वीस अक्षरांची.