थर्मोस्टॅटच्या झाकणाचे दोन बोल्ट

आमची मारुती ८०० बरीच वर्षं रत्नागिरीत मोठ्या भावाकडे होती. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, यात पत्र्याइतकेच बोल्टही खराब होतात. गाडी कोल्हापुरात आली तेव्हा थर्मोस्टॅटच्या, म्हणजे कूलंट तापल्यावर त्याची वाट मोकळी करणाऱ्या झडपेच्या, झाकणाखालून कूलंट झिरपत होतं. पॅकिंग बदलायचं, एवढंच काम. पण झाकणाला बोल्ट दोन आणि दोघांचं दुखणं वेगवेगळं. एकाचं डोकं गोल झालेलं आणि तो जागचा हलेना. दुसरा नुसता गरागरा फिरे, पण आवळला जाईना. म्हणजे आटे गेलेले. आधी कुणीतरी लांब दांड्याचा पाना लावून मरेस्तोवर आवळला असणार.

अडकलेल्यापासून सुरुवात केली, त्यामागे कारण होतं. ते पुढे येईलच. तारेच्या ब्रशने गंज काढला, बुडाशी गंज सोडवणारं तेल मारलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी बोल्टाच्या डोक्यावर सरळ हातोडीचे हलके ठोके दिले. या ठोक्यांनी आट्यांतला गंज तडकतो आणि तेल आत शिरतं. डोकं मूळचं बारा नंबरचं. कडा कानशीने थोड्या घासल्या आणि अकरा नंबरची सहा कोनी गोटी (सॉकेट) ठोकून बसवली. गोटी सहा कोनीच हवी. बारा कोनी रिंग पाना फक्त कोपऱ्यांवर जोर देतो आणि गोल डोकं आणखी गोल करतो.

तरीही बोल्ट हलेना. मग बॅटरी सोडली, कार्ब्युरेटरकडचा पेट्रोलचा पाइप काढून तोंड बंद केलं आणि हॉट एअर गनने बोल्टाच्या भोवतीचं ॲल्युमिनियम तापवलं. ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे तापल्यावर भोक बोल्टापेक्षा जास्त मोकळं होतं. पहिला जोर मी आवळायच्या दिशेने दिला, अगदी जरासा. कर्रर्र असा आवाज आला. तो ऐकून जीवात जीव आला, कारण तुटणारा बोल्ट असा करकरत नाही, तो मऊ लागतो आणि पिळला जातो. मग पाव आटा मागे, थोडा पुढे, पुन्हा तेल. बाहेर आला तेव्हा आट्यांत चुन्यासारखी पांढरी भुकटी दाबून बसली होती. लोखंड आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकत्र राहिलं की ॲल्युमिनियम असं खाल्लं जातं.

तुटला असता तरी मी इझी-आउट, म्हणजे तुटक्या बोल्टात भोक पाडून उलट्या आट्यांनी तो बाहेर काढायचं हत्यार, घातला नसता. तो कडक पोलादाचा असतो. आत तुटला तर साध्या ड्रिलला दाद देत नाही आणि सगळा भाग उतरवून विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणाऱ्या स्पार्क इरोजनवाल्याकडे न्यावा लागतो. तुटक्या बोल्टावर नट वेल्ड करून तापलेला असतानाच फिरवणं मला जास्त भरवशाचं वाटतं.

दुसरा बोल्ट झाकण उचलून धरत फिरवला तसा बाहेर आला. त्याच्या खाचांत ॲल्युमिनियमची तार गुंडाळली होती. तेच भोकातले आटे. अराल्डाइट भरा, आठऐवजी दहा मिमीचा आटा पाडा, असे सल्ले मिळाले. गरम कूलंटच्या जागी अराल्डाइटवर माझा विश्वास नाही, आणि दहाच्या आट्याला कडेला पुरेसं मटेरियल उरत नव्हतं. हेलिकॉइल, म्हणजे भोक मोठं करून त्यात नव्या आट्यांसाठी तारेची गुंडाळी बसवणं, हाच मार्ग होता.

भोक सरळ पडणं हीच खरी परीक्षा. हातातलं ड्रिल जरा कललं की बोल्ट कायमचा तिरका. म्हणून शिवाजी उद्यमनगरात एका टर्नर मिस्त्रींकडे झाकण घेऊन गेलो. त्यांनी झाकण हातात फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "मालक, एक भोक चांगलं हाय न्हवं? मग त्याच्याच आधारानं दुसरं पाडा." त्यांनी जाड पोलादी पट्टी करून दिली: एक भोक ८ मिमीचं, दुसरं ८.३ चं, अंतर झाकणावरून घेतलेलं. पट्टी चांगल्या भोकात बोल्टाने बसवायची आणि दुसऱ्यातून ड्रिल उतरवायचं. पहिला बोल्ट आधी सोडवला तो यासाठीच.

कूलंटच्या वाटेत चिंधी कोंबली, ड्रिलला ग्रीस फासलं म्हणजे कीस त्यालाच चिकटतो. मग हेलिकॉइलचा खास टॅप (आटे पाडायचं हत्यार), रॉकेल लावून, अर्धा आटा पुढे आणि पाव मागे. तारेची गुंडाळी (इन्सर्ट) पृष्ठभागाच्या पाव आटा खाली बसवली, टोकाची आडवी शेपटी पंचने तोडली आणि चिमट्याने उचलून घेतली. ती आत पडू देऊ नका.

नवे ८.८ ग्रेडचे बोल्ट आधी बोटांनी शेवटपर्यंत फिरवले, मग दोन्ही आलटून पालटून, टॉर्क पान्याने २० न्यूटन-मीटरपर्यंत. कूलंट भरून पंखा लागेपर्यंत इंजिन चालू ठेवलं. झाकणाची कड कोरडी राहिली. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे नटही तसेच गंजलेत, त्यांना आत्तापासूनच रोज संध्याकाळी तेल पाजतोय.