येऊर, ऐरोली, नेरुळ : हद्दीच्या आतले आणि बाहेरचे रोहित

डोंगरातलं राष्ट्रीय उद्यान आणि खाडीतलं रोहितांचं (फ्लेमिंगोंचं) अभयारण्य एकाच दिवसात पाहायचं असेल तर ठाण्यासारखी जागा नाही. फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी आणि माझी मावसबहीण त्यासाठीच निघालो.

सकाळी येऊर. पानं गाळून बसलेली काटेसावर लाल फुलांनी लगडली होती आणि तिच्यावर बुलबुल, मैना, कोतवाल यांची नुसती झुंबड. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ही ठाण्याकडची बाजू. महानगराला खेटून शंभरेक चौरस किलोमीटरचं जंगल बिबट्यांसकट टिकून आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. येऊरवर पुष्कळांनी लिहिलंय, म्हणून थेट खाडीकडे वळते.

ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकलने ऐरोली आणि तिथून रिक्षाने किनारी व सागरी जैवविविधता केंद्र. बोटीची वेळ भरती-ओहोटीवर ठरते, तेव्हा आधी चौकशी करूनच जा. जेट्टी सोडली की दोन्ही काठांना तिवरं (खारफुटीची झाडं) लागतात. चिखलातून वर आलेल्या त्यांच्या श्वासमुळांमध्ये निवट्या (चिखलात राहणारे छोटे मासे) उड्या मारत होत्या. एक पुढच्या परांवर शरीर रेटत चढावर आली, तोच दुसरी समोर ठाकली. दोघींनी पाठीवरचे पर ताठ उभारले. बोट पुढे गेली तरी त्यांचं भांडण काही मिटलं नव्हतं.

मग रोहित दिसले. हजारोंनी, बहुतेक लहान रोहित. तांडेलदादांनी इंजिन बंद केलं. पक्षी मान खाली घालून, चोच उलटी धरून गाळ चाळत होते. जीभ पंपासारखी मागेपुढे होते, चोचीच्या कडेच्या झालरीत सूक्ष्म शेवाळ अडकतं आणि पाणी बाहेर पडतं. पिसांचा गुलाबी रंगही त्याच खाण्यातून येतो.

"पाणी भरलं का हे उठतील, ताई, आन् तिकडं नेरुळच्या तलावांवर जातील," दादा म्हणाले.

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये त्याला रामसर हा महत्त्वाच्या पाणथळांचा आंतरराष्ट्रीय दर्जाही मिळाला. क्षेत्रफळ मात्र १७ चौरस किलोमीटरहूनही थोडं कमी. सकाळच्या जंगलाशी हा आकडा ताडून पाहिला की आपल्या संरक्षित क्षेत्रांचा कल कळतो. १९८८ मध्ये रॉजर्स आणि पंवार या वन्यजीव अभ्यासकांनी भारताचे हवामान आणि जीवसृष्टीनुसार दहा जैवभौगोलिक विभाग पाडले, ते प्रत्येक प्रकारच्या निसर्गाला संरक्षणात वाटा मिळावा म्हणूनच. देशाची जेमतेम पाच टक्के जमीन राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यांत आहे, आणि त्यातही डोंगर-जंगलांना झुकतं माप मिळालं. शेतीला, वस्तीला न चालणारी जमीन राखून ठेवणं सोपं असतं. किनारे, गंगेचं मैदान, माळरानं मागेच राहिली. आपल्याच राज्यात पाहा : १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य ८,४९६ चौरस किलोमीटरचं होतं, पुढे ते १,२२२ वर आलं. एवढा विस्तार गावं आणि शेतं पोटात घेऊन आखला होता, त्यामुळे कपात कधीतरी होणारच होती. पण माळरानाला 'पडीक' म्हणणारी सरकारी दृष्टी बदलली नाही, याचं मला फार वाईट वाटतं. जैवविविधतेसाठीच्या २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मॉन्ट्रियल कराराने २०३० पर्यंत ३० टक्के जमीन आणि समुद्र राखायचं ठरवलंय. त्या करारात 'परिस्थितिकीच्या दृष्टीने प्रातिनिधिक', म्हणजे सगळ्या प्रकारचा निसर्ग त्यात यावा, अशीही अट आहे. माझ्या मते टक्केवारीपेक्षा तीच जास्त महत्त्वाची, कारण नुसते आकडे तर आणखी डोंगर जोडूनही गाठता येतील.

दुपारी भरती चढत असताना नेरुळला उतरलो. खाडीतले चिखलपट्टे आता पाण्याखाली जात होते आणि रोहितांचे थवे तलावात उतरत होते. डीपीएस, एनआरआय, टी. एस. चाणक्य ही सगळी पाणथळं अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. ओहोटीला खायची जागा राखीव आणि भरतीला विसावायची जागा हद्दीबाहेर, अशी या पक्ष्याची वाटणी झाली आहे. शिवाय भरतीच्या पाण्याची वाट बुजली तर तलावाचा तलाव निकामी होतो. २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने डीपीएस तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करायला मान्यता दिली. बाकीच्या पाणथळांनाही तसंच संरक्षण हवं.

तुम्ही जाणार असाल तर नोव्हेंबर ते मे हा हंगाम. भरतीचं वेळापत्रक पाहून आधी ऐरोली करा आणि पाणी चढायच्या आत नेरुळ गाठा. दुर्बीण न्या, आणि तलावावर दिसलेल्या पक्ष्यांची नोंद ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर जरूर करा. हद्द ठरवायची वेळ येते तेव्हा अशा नोंदी कामी येतात.