चवडे आत, टाचा बाहेर

डिसेंबरातली दुपार, बोरिवली, पंखा पाचावर. जेवणं उरकून जरा आडवी झाले होते, तर भाच्याचा मेसेज. ‘मावशी, २६ जानेवारी सोमवारी येतेय. तीन दिवसांत स्कीइंग करून परत यायचंय. गुलमर्ग, औली की सोलंग?’ खाली बर्फावरून हवेत झेपावलेल्या कुणा गोऱ्या माणसाचा फोटो.

आमच्या घराण्यात प्रवासाचे प्रश्न माझ्याकडे येतात. बहुधा मला टाइमटेबल वाचायला आवडतं म्हणून. लोक जागेचे फोटो बघतात, मी वजाबाकी करते. एकूण तास मांडायचे. त्यातून विमान, विमानतळावरची रांग, टॅक्सी, झोप, जेवण, घाटात कुणाला गाडी लागली तर तो थांबा, सगळं वजा करायचं. उरेल ती सहल. जन्मभर चर्चगेट-बोरिवली केलेल्या बाईला हे शिकवावं लागत नाही. कालनिर्णयच्या मागच्या बाजूला, कुठल्याशा वड्यांच्या रेसिपीच्या समासात मी बसल्या बसल्या मांडून टाकलं.

औली पहिल्या फटक्यात गेली. देहरादूनपर्यंत विमान ठीक आहे, पण पुढे ऋषिकेश, देवप्रयाग, रुद्रप्रयाग करत जोशीमठापर्यंत पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर घाटरस्ता. शनिवारी पहाटे निघालेला माणूस रात्री जोशीमठात पडणार आणि सोमवारी पहाटे उठून पुन्हा गाडीत बसणार. हाताला लागतो तो रविवार, तोही अंग आंबलेला. जोशीमठाहून औलीला नेणारा चार किलोमीटरचा रोपवे तर जानेवारी २०२३ मध्ये गावची जमीन खचली, घरांना तडे गेले, तेव्हा बंद झाला.

सोलंग मनालीपासून तेरा-चौदा किलोमीटरच, पण आधी मनाली गाठायची. चंदीगडहून रात्रभर बस. २०२० मध्ये अटल बोगदा झाल्यापासून त्या रस्त्यावर जोडून सुट्टीला गाड्यांची जी रांग लागते, तिच्यात बसायचं तर आपला वेस्टर्न एक्सप्रेस हायवे काय वाईट!

‘दुबईला पाठव की,’ पेपराआडून नवरा म्हणाला. तेही खोटं नाही. तिथल्या एका मॉलमध्ये २००५ पासून स्कीचा उतार आहे, सगळ्यात लांब घसरण चारशे मीटरची. बाहेर वाळवंट, आत उणे तापमान. वजाबाकीत दुबई सगळ्यांना मागे टाकते. पण मॉलमधला बर्फ म्हटलं की मला कुर्ल्याचा मॉल आठवतो, भाड्याचा कोट घालून आत शिरलेली पोरं आणि बाहेर पर्स सांभाळत बसलेल्या आया. त्यासाठी पासपोर्ट कशाला काढायचा?

उरलं गुलमर्ग. श्रीनगरला थेट विमान, तिथून जेमतेम पन्नास किलोमीटर, शेवटच्या चढाला टंगमर्गहून चाकांना साखळ्या लावलेली गाडी. सगळं जुळलं तर शनिवारी दुपारी बर्फात पाय. २६ जानेवारी म्हणजे चिल्लई कलानच्या शेवटाला, २१ डिसेंबरपासूनचे ते कडाक्याचे चाळीस दिवस अजून संपलेले नसतात. फक्त एक मेख आहे. ज्या बर्फासाठी जायचं तोच जोरात पडला तर श्रीनगरची विमानं रद्द होतात आणि टंगमर्गचा रस्ता अडतो. नाही पडला तर जाऊन काय करायचं? म्हणजे बर्फ शुक्रवारी रात्रीपर्यंत पडून जावा आणि शनिवारी सकाळी लख्ख ऊन पडावं, असा बेताचा पाहिजे. पावसाळ्यात रविवारच्या पिकनिकसाठी आपण वरुणराजाकडे असंच काहीतरी मागत असतो.

भाच्याचे पुढचे प्रश्न गोंडोल्याचे, म्हणजे गुलमर्गच्या रोपवेचे. दुसऱ्या टप्प्यापर्यंत जायचं का? तो अफरवट डोंगराच्या खांद्यावर, सुमारे ३,९५० मीटरपर्यंत नेतो. तिथून स्कीवर उतरणारे लोक वेगळे, त्यांना हिमकडा कोसळायच्या सूचना वाचता येतात. आमचा भाचा दोन दिवस खालच्या सपाटीवर, आमच्या सोसायटीच्या कंपाउंडएवढ्या उतारावर पडणार आणि उठणार. शिकाऊ माणसाला तेवढाच डोंगर लागतो. तो गुलमर्गला आहे, औलीला आहे, सोलंगलाही आहे. हिमाचलातल्या नारकंड्यालाही असेल. जागाजागांतला सगळा फरक वरच्या टोकाला, आणि चुरशीनं तुलना करणारे आम्ही सगळे पायथ्याचे.

हे मला कळलं तेही गुलमर्गलाच, लग्नानंतर आम्ही गेलो होतो तेव्हा. अंगात तिबेटी बाईकडून घेतलेला स्वेटर, त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास. मुंबईकरांचे स्वेटर माळ्यावरच म्हातारे होतात. आमचे बाबा थंडीचं नाव काढलं की बासष्ट साल काढायचे. २२ जानेवारी १९६२ ला सांताक्रूझला पारा ७.४ वर उतरला होता, त्यावर त्यांनी जन्मभर फुशारकी मारली. तर त्या स्वेटरात मी उभी आणि शिकवणारा मुलगा ओरडतोय, ‘मॅडम, पंजे अंदर, एडी बाहर!’ चवडे आत वळवायचे, टाचा बाहेर फाकवायच्या, की वेग मरतो. स्कीइंगचा पहिला धडा थांबण्याचा. मला तेवढाच जमला.

घसरायचं मात्र मला आधीपासून येत होतं. आजोळी, गुहागरकडे, मे महिन्यात आगरात पोफळीच्या विऱ्या, म्हणजे बुडाशी रुंद पान असलेल्या वाळक्या झावळ्या, गळायच्या. धप्पकन आवाज आला की आम्ही भावंडं धावायचो. रुंद भागावर एकानं बसायचं, झावळीचा शेंडा दुसऱ्यानं दोन्ही हातांनी धरायचा आणि आगरातून खळ्यापर्यंत खेचत न्यायचं. घरामागच्या उतारावर तर ओढायलाही लागायचं नाही, नुसतं सोडून द्यायचं. लाल माती तोंडात, परकर फाटलेला, खाली गडग्याचा दगड. आजी ओरडायची ती लागलं म्हणून नाही, विरीचे द्रोण व्हायचे असत म्हणून. आणि नियम एकच, पण कडक. जो बसला त्यानं पुढच्या फेरीला ओढायचं. मामेभाऊ अंगानं आडवा होता. त्याला ओढताना माझी बोटं सोलून निघायची, पण सुटका नव्हती. बसलीस ना? मग ओढ.

गुलमर्गला स्कीचा नाद सोडल्यावर मला एकानं लाकडी स्लेजवर बसवलं. साठीचा असेल. अंगात फेरन, म्हणजे काश्मिरी झगा, रबरी बूट, कमरेला दोर. चढावर तो वाकून ओढत होता, मी पाय पसरून मागे रेलले होते. वाटेत तो दोनदा थांबला. श्वास घेतला आणि हसून म्हणाला, ‘ऊपर से अच्छा दिखेगा मेमसाब.’ वरून खरंच छान दिसलं. मी उतरले, पैसे दिले, नवऱ्यानं दोन रुपये वर दिले. उलट फेरी कुणी लावली नाही.

जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग उघडं पडलं होतं, महिना संपत आला तरी पिवळं गवत. त्याचे फोटो आले तेव्हा सगळे पर्यटकांच्या बुडालेल्या सुट्टीबद्दल हळहळत होते. मला ती कुरणात आडव्या पडलेल्या स्लेजची रांग दिसत राहिली.

‘गुलमर्गच,’ मी भाच्याला लिहिलं. ‘गोंडोल्याचं तिकीट इथूनच ऑनलाइन काढ. स्लेजवर बसू नकोस.’ पाठवण्याआधी शेवटचं वाक्य पुसलं. तो बसला नाही तर त्या माणसानं काय करायचं? पुन्हा लिहिलं, ‘स्लेजवर बस.’ तेही पुसलं.

मग हातमोजे दोन जोड घे एवढंच लिहिलं, कारण एक जोड भिजतोच.