भरतीचे कोष्टक

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहावे, असे पत्र आले तेव्हा कोणाविषयी लिहायचे हा प्रश्नच मला पडला नाही. 2006 साली, नववीत, गणित आणि भूगोल शिकवणाऱ्या आमच्या सरांनी संगणक ज्या रीतीने आमच्या हाती दिला, ती रीत मला अन्यत्र फारशी आढळली नाही. म्हणून तिची नोंद इथे व्हावी असे वाटते.

तोपर्यंत संगणकाचा तास म्हणजे चपला बाहेर काढून रांगेत बसणे आणि माऊस, कीबोर्ड, मॉनिटर यांच्या व्याख्या पाठ करणे एवढेच होते. खारी हवा, पावसाळ्यातील ओल आणि तासन्‌तासांचे भारनियमन यांमुळे यंत्रे जपावी लागत हे खरे. परंतु जपता जपता ती कापडाखालीच राहत. सरांनी कापड काढले आणि तुम्हाला याच्याकडून काय जाणून घ्यायचे आहे, असे आम्हालाच विचारले.

आमचे गाव कर्लीच्या खाडीकाठचे, आणि वर्गातील बरीच मुले रापणकारांच्या, म्हणजे किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढून मासे पकडणाऱ्यांच्या, घरची. त्यांतला एक जण उठून म्हणाला, “सर, भरतीची वेळ आमका ठावक आसा. तिथीची पाऊणपट केली की भरती गावता.” दुसऱ्या दिवशी सरांनी त्याच्या आजोबांना वर्गात बोलावले, स्वतःची खुर्ची दिली आणि तो ठोकताळा त्यांच्याच तोंडून समजावून घेतला: चतुर्थी असेल तर तीनला भरती, अष्टमी असेल तर सहाला. सरांनी फळ्यावर एवढाच प्रश्न लिहिला, ‘पाऊणच का?’

उत्तरासाठी आधी मोजमाप हवे होते. जेटीच्या खांबावर रंगाने सेंटिमीटरच्या खुणा केल्या. पण लाटांमुळे पाणी सतत वरखाली होई आणि दोघांचे वाचन कधी जुळत नसे. तेव्हा सरांनी एक पारदर्शक नळी आणली, तिच्या खालच्या टोकाला बारीक छिद्र पाडलेले बूच बसवले आणि ती खांबाला उभी बांधली. छिद्रातून पाणी सावकाश आत येई, लाटांचा हिसका बाहेरच राही आणि नळीतली पातळी स्थिरपणे वाचता येई. आम्ही पाळीपाळीने वाचने घेऊन वहीत उतरवली. वीज नसेल त्या दिवशी आलेख कागदावर हाताने काढायचा आणि वीज आली की आकडे एक्सेलमध्ये भरायचे, असा शिरस्ता पडला. पहिल्या रकान्यात तिथी, दुसऱ्यात पाऊणपटीची वेळ, तिसऱ्यात नळीवर दिसलेली वेळ आणि चौथ्यात फरक. एका घरात लिहिलेले सूत्र खाली ओढताच सगळा रकाना भरून गेला, तेव्हा वर्गात उठलेला गलबला मला अजून ऐकू येतो.

बंदर खात्याच्या कार्यालयातून मिळवलेल्या भरती-ओहोटीच्या तक्त्यांशी आमचे आकडे ताडून पाहिले, तेव्हा चित्र स्पष्ट झाले. पंधरा तिथींत भरतीची वेळ बारा तास पुढे सरकते, म्हणजे एका तिथीला सरासरी 48 मिनिटे. पाऊणपट 45 मिनिटे धरते, त्यामुळे पक्षाच्या अखेरीस पाऊण तासाची तूट साचते. शिवाय हे सरकणे रोज सारखे नसते: उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या मोठ्या भरतीच्या, दिवसांत ते पाऊण तासाच्या आसपास राहते, तर भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या, दिवसांत तासाच्याही पुढे जाते. सरांनी आजोबांना पुन्हा बोलावून तो आलेख दाखवला, आणि होडीवर उभ्या माणसाला तोंडी करता येणारा इतका सोपा आणि उपयोगी हिशेब आपण तरी काढू शकलो असतो का, असे आम्हाला विचारले. पूर्वजांचे ज्ञान चुकीचे ठरवण्यासाठी यंत्र आणलेले नाही, हे त्यांनी कधी सांगितले नाही, वागून दाखवले.

पुढे मी बंदरांच्या सर्वेक्षणाच्या क्षेत्रात आलो आणि आता पाण्याची पातळी स्वयंचलित उपकरणे नोंदवतात. त्यांच्याही मुळाशी लाटा बाहेर ठेवणाऱ्या नळीचेच तत्त्व अनेकदा असते. माझा तो वर्गमित्र आज स्वतःची होडी चालवतो, हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती पुरवणाऱ्या संस्थेचे मासळीच्या संभाव्य क्षेत्रांचे अंदाज मोबाइलवर पाहतो आणि हाती लागलेल्या मासळीची तारीखवार नोंद ठेवून ते अंदाज पडताळतो. ही सवय सरांची.

आमच्या नोंदींची वही शाळेच्या कपाटात असेल, तर ती जपावी आणि आताच्या नववीने त्याच खांबावर पुन्हा वाचने घ्यावीत, अशी माझी मनापासून विनंती आहे. नळी, खुणांची पट्टी आणि नवी वही यांचा खर्च आमची तुकडी उचलेल.