तुम्ही विचारलंत म्हणून: सात दिवस नुसतं पाणी बघून कंटाळा येत नाही?

लेक इंग्लंडात रेडिंगला, मुलगा न्यू जर्सीत. एकीकडून दुसरीकडे जायला विमानाला सात-आठ तास पुरतात, पण आम्ही दोघं नवरा-बायको साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्कला बोटीने जातो. हे कळलं की सोसायटीच्या बाकावर असो नाहीतर लग्नाच्या पंगतीत, प्रश्न ठरलेला: वाटेत एक बंदर नाही, मग सात दिवस नुसतं पाणी बघत करता काय? कंटाळा नाही येत?

नाही येत. विचारणाऱ्याला बहुधा करमणुकीची यादी हवी असते, आणि तशी यादी आहेही. आमच्या बोटीवर, म्हणजे क्वीन मेरी २ वर, नाटकं होतात, बॉलरूम नाच शिकवतात, व्याख्यानं असतात, तारांगण आहे, कॅसिनो आहे, हजारो पुस्तकांचं वाचनालय आहे. दुपारी पांढरे हातमोजे घातलेले वेटर चहा आणि स्कोन घेऊन टेबलाटेबलाशी फिरतात. यातलं वाचनालय आणि तारांगण मला फार आवडतं. कॅसिनोत मी पाऊल टाकत नाही. पण यातलं बरंचसं पुण्यातही मिळतं. त्यासाठी एवढा समुद्र ओलांडायला नको. माझा वेळ जातो तो आपण आज पृथ्वीवर नेमके कुठे आहोत, याचा छडा लावण्यात.

मी शाळेत भूगोल शिकवायचे. रोज दुपारी बारा वाजता बोटीच्या ब्रिजवरून, म्हणजे जिथून बोट चालवतात तिथून, घोषणा होते, तेव्हा मी पेन्सिल घेऊन तयार असते. अक्षांश, रेखांश, वाऱ्याचा जोर, खाली पाण्याची खोली, साउदॅम्प्टन किती मागे पडलं, न्यूयॉर्क किती उरलं. बरोबर नेलेल्या नकाशात उत्तर अटलांटिकच्या पानावर मी त्या दिवसाचं टिंब काढते आणि शेजारी तारीख घालते. दोन टिंबांमधलं अंतर साधारण ५०० सागरी मैल, म्हणजे नऊशेवर किलोमीटर. तीन-चार टिंबं जोडली की रेषा उत्तरेकडे फुगलेली दिसते. जेवणाच्या टेबलावरच्या एका इंग्लिश आजोबांनी ती पाहून विचारलं, कप्तान सरळ का जात नाही? टेबलावर संत्रं होतं. त्यावर यांच्या शर्टाच्या सुट्या बटणाचा दोरा ताणून दाखवला. गोळ्यावर ताणलेला दोरा हाच सर्वांत जवळचा रस्ता, सपाट कागदावर तोच वाकलेला दिसतो. आजोबा दुसऱ्या दिवसापासून बाराच्या ठोक्याला स्वतःचा कागद घेऊन येऊ लागले. जन्मभर फळ्यावर खडूने काढलेल्या त्या रेषेवरून आपण खरोखर चाललो आहोत, हे सुख मला कुठल्याही नाटकाने दिलेलं नाही.

घड्याळाचंही तसंच. साउदॅम्प्टन आणि न्यूयॉर्कच्या वेळेत पाच तासांचं अंतर आहे, म्हणून पश्चिमेकडे जाताना वाटेतल्या पाच रात्री घड्याळ एकेक तास मागे करतात. दिवस २५ तासांचा होतो. विमानात हेच पाच तास एकदम अंगावर येतात आणि चार दिवस झोपेचं खोबरं करतात. बोटीत शरीराला रोज एकाच तासाची सवय करायची असते, त्यामुळे न्यू जर्सीत पोहोचल्या संध्याकाळी मी नातवंडांबरोबर जागी असते. शिवाय जाग आपोआप लवकर येते. आम्ही उजाडताच सातव्या डेकवर जातो. तिथे बोटीला पूर्ण प्रदक्षिणा घालता येते, आणि तीन फेऱ्यांत साधारण पावणेदोन किलोमीटर होतात. पुढच्या टोकाशी वळलं की वारा असा धडकतो की मी यांचा दंड घट्ट धरते. समोरून येणारी माणसं रोज तीच. पहिल्या दिवशी मान हलते, तिसऱ्या दिवशी गुडघ्यांची चौकशी होते. वरच्या डेकवर कुत्र्यांसाठी वेगळी सोय आहे. तिथे इंग्लिश कुत्र्यांसाठी रस्त्यावरचा दिव्याचा खांब आणि अमेरिकन कुत्र्यांसाठी आगीच्या बंबाचा नळ उभा केलेला आहे, आणि मालक रोज आपल्या लाडक्यांना भेटायला जातात.

सगळ्यात मी ज्याची वाट बघते ते म्हणजे कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटाच्या दक्षिणेचं धुकं. उत्तरेकडून येणारा लॅब्राडोरचा थंड प्रवाह आणि दक्षिणेकडून येणारा गल्फ स्ट्रीमचा उबदार प्रवाह ग्रँड बँक्स या उथळ समुद्राच्या परिसरात भेटतात. उबदार, दमट हवा थंड पाण्यावर येते आणि धुकं धरतं. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न. तिथे हाच प्रश्न दुपारी दोन वाजता आपल्यावर चालून येतो. आधी क्षितिज जातं, मग लाटा जातात, मग कठड्यापलीकडचं काहीच उरत नाही. कठड्याला हात लावला तर ओला, यांचा चष्मा पांढरा, माझ्या स्वेटरच्या लोकरीवर बारीक थेंबांची रांग. दृष्टी चालत नसेल तेव्हा बोटीने निदान दर दोन मिनिटांनी एक लांब भोंगा द्यायचा असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, आणि तो भोंगा कानांपेक्षा छातीत जास्त ऐकू येतो. बाकीचे आत पळतात. मी खुर्ची ओढून, ब्लँकेट गुंडाळून तिथेच बसते आणि दोन भोंग्यांमधले सेकंद मोजते.

टायटॅनिक बुडाली ती जागा याच भागात, पाण्याखाली सुमारे ३,८०० मीटरवर. पण मला तिथे आठवण येते आनंदीबाई जोशी यांची. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. वय अठरा, घरचं एकही माणूस बरोबर नाही, आणि डॉक्टर व्हायचं हे पक्कं ठरवलेलं. जवळजवळ दोन महिने! सात दिवसांत करता काय, असं मला कोणी विचारलं की मला वाटतं, तिने काय केलं असेल ते विचारा. याच समुद्रावर, एका मराठी पोरीने, साडी सांभाळत.

बोट लागण्याची भीती पुष्कळांना असते. खोली बोटीच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर घ्यावी, तिथे हेलकावा कमी. ही बोट अटलांटिकसाठीच बांधलेली असल्यामुळे लाटांना चांगलं तोंड देते, तरी एखादा दिवस वादळी निघतोच. तेव्हा उघड्यावर येऊन क्षितिजाकडे बघावं, पोट रिकामं ठेवू नये. मी आलेपाकाच्या वड्या बाळगते आणि आजूबाजूला वाटतेही.

आणि माणसं. आम्ही मूळचे वेंगुर्ल्याचे, घरात मालवणी. एका रात्री जेवताना आमचं बोलणं ऐकून वेटर थबकला आणि म्हणाला, “अंकल, आंटी, तुमी खंयचीं?” मडगावचा मुलगा. वडील तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारे, आजोबा तारवटी, हाही तारवटी. दुसऱ्या दिवशी आमच्या पानात खलाशांच्या स्वयंपाकघरातलं झणझणीत लोणचं आलं. आम्ही ज्याला निवांत दिवस म्हणतो, त्या दिवशी तो नाश्ता, दुपारचं जेवण आणि रात्रीचं जेवण अशा तिन्ही वेळा उभा असतो, आणि कंत्राट संपेपर्यंत त्याला रविवार नाही. समुद्र बघायला त्याला वेळ कधी मिळतो, असं मी विचारलं. तर म्हणाला, रात्री काम आटोपल्यावर पाच मिनिटं. आईला मेसेज करतो आणि झोपतो. बोटीवरच्या दिवसांबद्दल कोणी विचारलं की मी त्याच्या दिवसाबद्दलही सांगते, कारण आमचे २५ तास त्याच्यासारख्यांच्या हातांवर चालतात.

रोज नवं बंदर, नवा बाजार हवा असेल तर मात्र ही सफर घेऊ नका. भूमध्य समुद्रातल्या बोटी तुमच्यासाठी आहेत. इंटरनेटचे पैसेही भरू नका. एक नकाशा, पेन्सिल, जाडसर स्वेटर आणि कानटोपी घ्या, जून-जुलै असला तरी. शेवटच्या पहाटे गजर लावून वर या, कारण न्यूयॉर्क बंदराच्या तोंडावरच्या व्हेराझानो पुलाखालून जाताना बोटीचं धुराडं आणि पूल यांत जेमतेम चार मीटर जागा असते. आणि दोन दिशांपैकी निवडायची वेळ आली तर साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्क अशीच निवडा. परतीच्या दिशेला घड्याळ पुढे करतात, आणि दिवस २३ तासांचा होतो.