आर्यनची परीक्षा आणि आमचा 31 मार्च

27 मार्च 2024, बुधवार. धुळवड होऊन दोन दिवस झाले होते आणि बालगृहातल्या पोरांच्या कानामागे अजून जांभळा रंग होता. बालकल्याण समितीच्या खोलीबाहेर बाकावर आर्यन बसला होता. वय सात, इयत्ता दुसरी. मांडीवर आमच्या प्रकल्पाची पिशवी. तिच्यात कंपासपेटी, पाण्याची बाटली, टॉवेल, खडू, आणि बाहेरच्या बाजूला देणगीदार कंपनीचं बोधचिन्ह. आमच्या कागदांत हिला ‘पुनर्मिलन संच’ म्हणतात. तो आईच्या हातून द्यायचा होता, म्हणजे फोटो नीट येतो. पण काळजीवाहक मावशींनी तो सकाळीच देऊन टाकला होता. आर्यननं बाटलीत पाणी भरून अर्धं संपवलंही होतं.

(आर्यन, त्याची आई पूजा आणि बहीण परी, तिन्ही नावं बदललेली आहेत. ओळख पटेल असे काही तपशीलही.)

तुरुंगात असलेल्या तरुण आईवडिलांसोबत आणि त्यांच्या मुलांसोबत आमची छोटी संस्था पुण्यात काम करते. हे काम काही आम्ही शोधून काढलेलं नाही. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ 1990 पासून तुरुंगात आणि पोलीस ठाण्यांत समाजकार्य करतो आहे. आमच्यासारख्या कितीतरी जणी त्यांच्याकडे बघूनच शिकल्या. फरक इतकाच, की आमचा पगार दर एप्रिलला नव्यानं ठरतो. पैसा कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतला, त्यामुळे आमचं वर्ष 31 मार्चला संपतं. त्या वर्षीच्या मंजुरीपत्रात ‘पालक-बालक पुनर्मिलन’ असं एक उद्दिष्ट होतं आणि त्यात एक आकडा कमी पडत होता. पूजा तो आकडा होणार होती.

पूजा तेवीस वर्षांची. मराठवाड्यातली. पंधराव्या वर्षी लग्न, नवरा सेंटरिंगच्या कामावर पुण्यात आला, मागोमाग ही. सोसायट्यांमध्ये धुणीभांडी करायची. एका घरातले दागिने गेले आणि तिच्यावर भारतीय दंड संहितेच्या कलम 381 खाली, म्हणजे नोकरानं केलेल्या चोरीचा, गुन्हा दाखल झाला. खटला अजून चालू आहे, त्यामुळे चोरी झाली की नाही यावर मी काही बोलणार नाही. परी तेव्हा दोन वर्षांचीही नव्हती, ती आईसोबत येरवड्याच्या महिला कारागृहात गेली. आर. डी. उपाध्याय खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2006 साली मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली, त्यानुसार सहा वर्षांपर्यंतचं मूल आईजवळ आत राहू शकतं. आर्यन त्या मर्यादेच्या जरासा पलीकडे होता. नवरा अटकेच्या आठवड्यातच गावी निघून गेला आणि त्याचा फोन बंद झाला. आर्यनला शाळेच्या वर्गातून उठवून आधी पोलीस ठाण्यात आणि तिथून समितीसमोर नेलं. तिथून बालगृह.

तीन महिन्यांत जामीन मंजूर झाला, पंधरा हजारांचा, एका जामीनदारासह. ‘जामीन झाला’ आणि ‘सुटली’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तुरुंगाबाहेरच्यांना फारसं माहीत नसतं. जामीनदार हवा, त्याची ऐपत दाखवणारे कागद हवेत, हिचा पत्ता हवा. खोली तर मालकानं कधीच दुसऱ्याला दिली होती. पूजा जामीन होऊनही आतच राहिली. जामीन होऊन महिनाभरात कुणी सुटलं नाही, तर न्यायालयानं अटी सैल करण्याचा विचार करावा, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2023 मध्ये सांगितलंय. पण प्रत्यक्षात तो विचार व्हायलाही अर्ज लागतो, अर्जाला वकील लागतो आणि वकिलाला तारीख लागते.

आमच्या निधीतून जामिनाची रक्कम भरता येत नाही. हे मंजुरीपत्रात ठळक अक्षरांत आहे आणि मला ते समजूही शकतं. कुठल्या कंपनीला आपल्या वार्षिक अहवालात ‘आरोपीचा जामीन’ लिहायचा असतो? शेवटी मार्ग निघाला तो केंद्र सरकारच्या गरीब कैद्यांसाठीच्या 2023 च्या योजनेतून. कच्च्या कैद्याच्या, म्हणजे खटला अजून चालू असलेल्याच्या, जामिनासाठी तेव्हा त्यात चाळीस हजारांपर्यंत रक्कम मिळायची. जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव, कारागृह अधीक्षक आणि एक न्यायाधीश अशी जिल्ह्याची समिती ते ठरवायची. 16 मार्चला लोकसभेची निवडणूक जाहीर झाली, आणि त्यानंतर कलेक्टर कचेरीत दुसरं काय हलतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पूजाची फाईल त्याच्या थोडी आधी निघाली, एवढंच आमचं नशीब. न्यायालयानं जामीनदाराऐवजी रोख रक्कम चालेल म्हटलं, पैसे भरले गेले, आणि 26 च्या संध्याकाळी ती परीला कडेवर घेऊन बाहेर आली.

त्या रात्रीपुरती आणि पुढच्या काही आठवड्यांपुरती सोय एका महिला निवाऱ्यात होती. जेवणाआधी तिथल्या ताईंनी बायकांना हाक मारली, तर परी जाऊन भिंतीला पाठ लावून उकिडवी बसली आणि शेजारची जागा हातानं थोपटायला लागली. गिनतीची, म्हणजे तुरुंगात कैदी मोजायची, वेळ. पूजानं तिला उचललं, काही बोलली नाही.

तर बुधवारी सकाळी समितीची बैठक. समितीला दंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात, तिच्या आदेशाशिवाय बालगृह मूल कुणाच्याही ताब्यात देत नाही, सख्ख्या आईच्याही नाही. माझा सामाजिक तपासणी अहवाल तयार होता आणि त्यात मी मूल आईकडे द्यावं अशी शिफारस केली होती. देणगीदार कंपनीकडचे एक अधिकारी आले होते, तिशीतले, सभ्य, फोन पालथा ठेवून ऐकणारे. त्यांना प्रकल्पाचं ‘एक प्रकरण शेवटापर्यंत’ बघायचं होतं.

आत अध्यक्ष मॅडम आणि दोन सदस्य. अध्यक्ष मॅडमनी अहवाल चाळला आणि विचारलं, “पूजाताई, मुलाला घेऊन जायला तयार आहात ना?”

“मॅडम, पोराला आत्ता देऊ नका.”

मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. कंपनीचे अधिकारी दाराशी खुर्चीत होते, त्यांनी मान वर केली. एका सदस्यांचा चेहरा कडक झाला, कारण समितीसमोर मूल नको म्हणणाऱ्या आया येतात आणि त्यांच्या तऱ्हाही सदस्यांना पाठ झालेल्या असतात. ते म्हणाले, “एका मुलीला ठेवता, मुलाला नको म्हणता?”

“नको न्हाई म्हणले साहेब. आत्ता नको म्हणले.”

मग ती बोलली. आतमध्ये बराकीत तिनं हे मनाशी कितीदा घोळवलं असेल कोण जाणे, कारण कुठेही अडखळली नाही. निवाऱ्यात सहा वर्षांवरचे मुलगे ठेवत नाहीत. खोली बघायची तर डिपॉझिट लागतं. घरकाम आता कुणी देणार नाही, पोळ्या लाटायच्या एका केंद्रात विचारलंय, तिथं पहाटे पाचला जावं लागतं. “खोली न्हाई तर ह्याला झोपवू कुठं? आमच्या बराकीतली एक बाई सुटली, त्याच दिवशी हट्टानं पोरगं घेऊन गेली. स्टेशनावर झोपली. रेल्वे पोलिसांनी पोराला उचललं, परत तुमच्याचकडं आणलं. ते लेकरू आता आईकडं बघत न्हाई म्हणत्यात.”

कुणी काही बोललं नाही, तशी ती पुढे म्हणाली, “आणि माझी केस संपली का? दर पंधरा दिवसाला तारीख हाय. एक चुकली तर वारंट. ह्याला एकदा वर्गातून उठवून नेलंय मॅडम. दुसऱ्यांदा न्हाई. त्याची परीक्षा होऊ द्या, मला खोली करू द्या, मग मी सोता मागायला येते.”

तुरुंगात पालकत्वाची सत्रं मी घेते. बाहुल्या, चित्रं, ‘मुलाशी खरं बोला’ वगैरे. वाईट नाहीत ती सत्रं. पण माझ्या अहवालात ‘आईची भावनिक तयारी: चांगली’ असं एक वाक्य होतं, आणि ही बाई जे सांगत होती ते त्या वाक्यात मावणारं नव्हतं. ती भावनेबद्दल बोलतच नव्हती. पहाटे पाच, डिपॉझिट, वारंट, परीक्षा. मूल सांभाळायचं म्हणजे एवढंच तर असतं, आणि ते तिनं आमच्यापेक्षा बारकाईनं मांडलं होतं.

अध्यक्ष मॅडमनी पेन खाली ठेवलं. “परीक्षा कधी आहे त्याची?”

हे आमच्यापैकी कुणालाच नेमकं माहीत नव्हतं. तेव्हा आर्यनलाच बोलावलं. मुलाशी एकट्यानं बोलायचं म्हणून आम्ही सगळे बाहेर आलो. आत काय बोलणं झालं ते मला कळायचं कारण नाही. पण दार उघडताना त्याचं शेवटचं वाक्य ऐकू आलं, “तोंडी आधी असते, मग लेखी.” मोठ्यांना कसं काहीच ठाऊक नसतं, अशा सुरात.

बाहेर बाकावर आईशेजारी बसला, पण मध्ये पिशवी ठेवून. परीला मात्र लगेच बाटली दिली. ती ओळखत नव्हती त्याला, बाटली ओळखली. आई गावाला गेलीय, असं त्याला वर्षभर सांगितलेलं होतं. कुणी सांगितलं, का सांगितलं, याचा माग लागत नाही. असल्या गोष्टी कुणीच सांगितलेल्या नसतात.

“तू परत जाणार का गावाला?” त्यानं विचारलं.

“गावाला नव्हते मी. जेलात होते.”

मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, राहू दे म्हणून.

“चोरी केली?”

“न्हाई. पण कोर्टात तसं म्हणत्यात. म्हणून तारखेला जावं लागतं. सकाळी जाणार, संध्याकाळी येणार.”

तो थोडा वेळ गप्प बसला. मग पिशवीतून खडूची डबी काढून म्हणाला, “यात पांढरा नाही.” पूजानं डबी बघितली, खरंच नव्हता.

समितीनं आदेश दिला तो असा: वार्षिक परीक्षा संपेपर्यंत मूल बालगृहातच राहील, दर रविवारी आईची भेट होईल, मे महिन्यात पुन्हा सुनावणी. संस्थेनं आईला निवारा आणि काम मिळवायला मदत करावी. शेवटचं वाक्य आदेशात लिहिताना अध्यक्ष मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

चहाच्या टपरीवर कंपनीच्या अधिकाऱ्यांनी विचारलं, “मग हे आपण कशात धरायचं?” त्यात खोच नव्हती. त्यांनाही वर कुणाला तरी तक्ता पाठवायचा होता. तक्त्यात पुनर्मिलनाखाली ‘हो’ आणि ‘नाही’ असे दोन रकाने आहेत. ‘नाही’ असेल तर कारण निवडायचं: पालकाचा नकार, बालकाचा नकार, समितीचा नकार, इतर. नियमानं बघितलं तर हा पालकाचा नकार. मी तो लिहिणार नाही, असं सांगितलं. मूल टाकून गेलेल्यांच्या रांगेत पूजाचं नाव घालायला माझा हात धजावला नसता. ‘इतर’ लिहिलं आणि पुढच्या मोकळ्या जागेत तिचं म्हणणं जसंच्या तसं उतरवलं. तिथं पन्नास शब्दांची मर्यादा आहे. मी ती पाळली नाही.

ते म्हणाले, “मॅडम, तिला खोली मिळाली असती तर आज झालं असतं ना?”

झालं असतं. खोलीच्या डिपॉझिटला आमच्या निधीत जागा नाही. आमच्या हिशेबनिसांनी कारण समजावलं होतं ते असं: डिपॉझिट ही परत मिळणारी रक्कम आहे, म्हणून तो खर्च नव्हे. समुपदेशनाचा तास हा खर्च आहे. पिशवी हा खर्च आहे. त्या वर्षी आमच्याकडे न वाटलेल्या पिशव्या कपाटभर उरल्या होत्या आणि पूजा पाच आकडी डिपॉझिटपायी अडली होती. अमेरिकेत 2008 च्या ‘सेकंड चान्स’ कायद्याखाली अशा कामाला थेट सरकारी अनुदान मिळतं, असं एका प्रशिक्षणात ऐकलं तेव्हा मला हेवा वाटला होता. आता वाटतं, रकाने तिथंही असणारच. पैसा कुणाचा यापेक्षा रकाने कोण आखतं हे मला जास्त महत्त्वाचं वाटायला लागलंय. तुरुंगातून नुकत्याच सुटलेल्या एखाद्या बाईला ते आखायला बसवलं, तर पहिली ओळ खोलीची येईल आणि दुसरी तारखेच्या दिवशी मूल कुठं ठेवायचं याची.

31 मार्चला आमचा आकडा एकानं कमी गेला. आभाळ कोसळलं नाही, एक खुलासा द्यावा लागला.

पूजा पोळी केंद्रात लागली. डिपॉझिट शेवटी तिनं निम्मं स्वतः साठवलं आणि निम्मं केंद्राच्या मालकीणबाईंनी उचल म्हणून दिलं. मे महिन्याच्या सुनावणीत तिनं आणखी मुदत मागितली, तेव्हा समितीत कुणी भुवई उंचावली नाही. शाळा उघडायच्या सुमारास ती भाडेकरार आणि मालकाचा फोन नंबर घेऊन समितीसमोर उभी राहिली. शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी वडिलांचं आधार कार्ड मागितलं गेलं, त्यावर आमचा वेगळाच एक आठवडा गेला, त्याची कथा इथे नको. तारखेच्या दिवशी आर्यन शाळा सुटल्यावर पोळी केंद्रात जाऊन बसतो.

पुढच्या वर्षीच्या प्रस्तावात मी ‘निवारा सहाय्य’ अशी ओळ घातली आणि कंसात स्पष्ट लिहिलं, खोलीचं डिपॉझिट. कंपनीकडून एकच शंका आली: खोली सोडताना मालकानं रक्कम परत दिली, तर ती कोणत्या खात्यात जमा धरणार? पुढच्या बाईच्या खोलीसाठी, असं मी कळवलंय. हिशेबनीस म्हणतात, असं खातं नसतं. ते उघडता येईल का, हे सध्या लेखापरीक्षकांना विचारलंय.